धाडले, पण सांभाळायचे कोणी?

पोळ्याला पांढुर्णा व सौंसर येथील शेतकरी बैलांची शिंगे रंगवितात. दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. ऑगस्ट-सप्टेंबरच्या याच सुमारास अमेरिका-कॅनडातील विद्यापीठांची सत्रे सुरू होतात. संत्र्यांच्या या मुलखातून शिकण्यासाठी तिकडे गेलेल्या मुलाचा पहिला सण अशा रीतीने परक्या खोलीत, एकट्याने साजरा व्हायचा असतो.

२०२३ मध्ये पांढुर्णा हा मध्य प्रदेशाचा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. पण भाषेने ही माणसे आपलीच. घरी मराठी आणि शाळेत बहुधा हिंदी, असा एक उंबरठा त्यांची मुले बालपणीच ओलांडतात. परदेशी इंग्रजी वर्गात पाऊल टाकणे हा त्यांचा दुसरा उंबरठा होय. समुद्रापार जाणे आम्हा किनाऱ्यावरील लोकांना नवे नाही. बोटीची वाट पाहणाऱ्या गोवेकरांसाठी मुंबईत गावोगावचे 'कूड' होते. परक्या शहरात आपल्या माणसाचे छप्पर हवे, हे त्या साध्या माणसांनी ओळखले होते. पांढुर्ण्याच्या मुलाला असे छप्पर कोठे आहे?

कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटर बाईंनी त्यांना आपल्या घरात घेतले आणि त्या परक्या बाईंची 'मावशी' झाली. पुढे फिलाडेल्फियात थंडी व आहाराची आबाळ सोसत आनंदीबाईंनी १८८६ मध्ये पदवी मिळविली. पण क्षयाने पोखरलेला देह घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच निवर्तल्या. आम्ही त्यांच्या जिद्दीचा गौरव करतो, तो योग्यच आहे. परंतु जिद्दीलाही पोटभर अन्न, उबदार खोली आणि मन मोकळे करण्यास एक माणूस लागते, हा त्या चरित्रातील दुसरा धडा आम्ही सोयीस्करपणे विसरतो.

समुपदेशन म्हणजे त्या मावशीचेच शास्त्रशुद्ध रूप. नवलाईचे पहिले आठवडे सरले की झोप उडते, जेवण सुटते, वर्ग चुकू लागतात. आणि घरी मात्र 'सगळे ठीक आहे' एवढेच कळविले जाते. पाश्चात्त्य विद्यापीठांत समुपदेशकाची सोय बहुतेक ठिकाणी असते. जिवाला धोका असल्याखेरीज तेथील बोलणे सहसा गुप्तच राहते. तरीही आमची मुले तो दरवाजा ठोठावत नाहीत. 'वेडा ठरेन' ही एक भीती. दुसरी त्याहून जड. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला बँका बहुधा तारण मागतात. ज्याच्या शिक्षणासाठी बापाने घर गहाण टाकले, त्याने 'मला येथे जमत नाही' हे कोणत्या तोंडाने सांगावे?

म्हणून उपायाचा आरंभ घरापासून हवा. मुलाला निरोप देताना 'नाव काढ' एवढेच न सांगता, 'जड गेले तर कळव, परत आलास तरी दार उघडेच आहे' हेही आईबापांनी सांगावे. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले आहे. पांढुर्णा-सौंसरच्या महाविद्यालयांनी या व्यवस्थेतूनच परदेशी निघालेल्या मुलांना, आणि त्यांच्या पालकांनाही, मराठीतून पूर्वतयारी द्यावी. उत्तर अमेरिकेत १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे; तेथील मराठी कुटुंबांनी नवागत विद्यार्थ्याला सणाला एक ताट वाढले, तरी पुष्कळ साधेल.

पदवी मिळविणे मुलाच्या हाती आहे. तो धड परत येईल असे पाहणे ही मात्र त्याला धाडणाऱ्या आपणा सर्वांची जबाबदारी होय.