यंत्रातील कुलूपबंद दप्तर

नवा मामलेदार कितीही कर्तबगार असला, तरी दप्तराची किल्ली जुन्या कारकुनाच्या कनवटीला असेल, तर त्याचा कारभार पहिल्याच दिवशी अडतो. संगणकातही असा एक कारकून असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. यंत्रातील चिपांना त्यांचे काम सांगणाऱ्या या सूचना होत. वीज येताच त्या प्रथम जाग्या होतात, स्मृती, पडदा, कळफलक यांची तपासणी करतात आणि मगच कारभार संचालन प्रणालीच्या स्वाधीन करतात. लिनक्ससारखी मुक्त प्रणाली कोणासही वाचता व बदलता येते. परंतु फर्मवेअर तिला कोणती माहिती कोणत्या रीतीने देणार, हे ठाऊक नसेल, तर नव्या यंत्रावर ती चालविणे म्हणजे अंधारात चाचपडणेच होय.

रायगड जिल्ह्यातील खैराट या लहानशा गावच्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाची हिरवी-पांढरी ‘एक्सओ’ यंत्रे आली. त्यांवर लिनक्स चाले. यंत्र जागे करणारे ‘ओपन फर्मवेअर’ही मुक्त होते. त्याचा लाभ लवकरच दिसून आला. २००८ साली या यंत्रावर विंडोज एक्सपीही चालविण्याचे ठरले. विंडोजची फर्मवेअरकडून अपेक्षा निराळी होती. तथापि मूळ संहिता हाताशी असल्यामुळे तीत भर घालून ती पुरविता आली.

याच यंत्रातील बिनतारी संपर्काच्या मार्व्हेल चिपची गोष्ट मात्र वेगळी. मुख्य प्रोसेसर निजलेला असतानाही शेजारच्या यंत्रांचे संदेश पुढे पोचविण्याचे काम ती चिप स्वतःच करी. त्यासाठी लागणारे फर्मवेअर कंपनीकडून तयार स्वरूपात मिळे. त्याची संहिता खुली नव्हती. लिनक्सने ते चिपमध्ये भरावे, एवढेच त्याच्या हाती. त्यात दोष निघाल्यास तो जाणकारांच्या ध्यानी आला, तरी दुरुस्ती कंपनीनेच करावयाची.

ही अडचण एका यंत्रापुरती नाही. मुक्ततेचा कटाक्षाने आग्रह धरणाऱ्या डेबियन प्रकल्पानेही २०२२ साली मतदान घेऊन असे बंदिस्त फर्मवेअर आपल्या स्थापना-संचात घेण्याचे मान्य केले. कारण त्यावाचून अनेक यंत्रांची बिनतारी जोडणीच होईना.

प्रणाली पुढे जाते, कंपनी जुन्या चिपकडे पाठ फिरविते, आणि चांगले यंत्र निरुपयोगी ठरते. दुरुस्ती करणारा जवळपास नसलेल्या खेड्यातील शाळेला हे परवडणारे नाही. म्हणून यंत्र घेताना किंमत विचारावी, तशीच त्याच्या दप्तराची किल्ली कोणाकडे आहे, हेही विचारावे.