गेमिंग माउसची बटणे आणि सेटिंग्ज बदलणे

या पाठात आपण शिकू:

• माउसची सेटिंग नेमकी कुठे साठवली जाते
• डीपीआय आणि पोलिंग रेट म्हणजे काय
• पायपर वापरून बटणांना नवे काम कसे द्यायचे

या पाठासाठी आपण उबुंटू लिनक्स, पायपर आणि लॉजिटेक जी 102 हा माउस वापरू. या माउसला सहा बटणे आहेत: डावे, उजवे, चाकाचे, बाजूची दोन आणि चाकामागचे एक. आपला माउस वेगळा असेल, तर तो पायपरला ओळखता येतो का हे आधी पाहून घ्या.

सेटिंग कुठे साठवली जाते?

साध्या माउसला स्वतःची स्मृती नसते. त्याची सर्व सेटिंग्ज संगणकात, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, राहतात. दुसऱ्या संगणकावर बसलात की ती पुन्हा करावी लागतात. बऱ्याच गेमिंग माउसमध्ये मात्र एक छोटी स्मृती असते. तिच्यात लिहिलेली सेटिंग माउसबरोबर जाते. ज्या संगणकावर सॉफ्टवेअर टाकण्याची परवानगी नाही, तिथेही ती चालते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत रोज वेगळ्या संगणकावर बसणाऱ्या विद्यार्थ्याला, विशेषतः तो डावखुरा असेल तर, याचा मोठा उपयोग होतो.

डीपीआय

माउस एक इंच सरकवल्यावर तो किती मोजण्या संगणकाला पाठवतो, तो आकडा म्हणजे डीपीआय. समजा, स्क्रीनची रुंदी 1920 पिक्सेल आहे आणि पॉइंटरचा वेग सिस्टिमने बदललेला नाही. 800 डीपीआयवर पॉइंटर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न्यायला माउस 2.4 इंच सरकवावा लागेल. 1600 वर 1.2 इंच पुरेल. याचा अर्थ जास्त डीपीआय म्हणजे चांगला माउस असा नाही. नेम धरताना हात स्थिर ठेवायचा असेल, तर कमी डीपीआय सोयीचा पडतो.

सिस्टिममधील माउस ॲक्सिलरेशन चालू असेल, तर हात जितका वेगाने हलेल त्या प्रमाणात पॉइंटर अधिक पळतो. म्हणून डीपीआय ठरवण्याआधी ते बंद करा.

पोलिंग रेट

माउस सेकंदाला किती वेळा आपली स्थिती कळवतो, तो पोलिंग रेट. 125 हर्ट्झला दर 8 मिलिसेकंदांनी, तर 1000 हर्ट्झला दर 1 मिलिसेकंदाने माहिती जाते.

बटणाला नवे काम देणे

1. सॉफ्टवेअर सेंटरमधून पायपर इन्स्टॉल करा.
2. माउस जोडा आणि पायपर उघडा. माउसचे चित्र दिसेल.
3. बटणांच्या टॅबवर क्लिक करा.
4. बाजूच्या एका बटणासमोरील चिन्हावर क्लिक करा.
5. कळ नोंदवण्याचा पर्याय निवडा आणि कीबोर्डवर कंट्रोल व सी एकत्र दाबा.
6. शेवटी अप्लायवर क्लिक करा. त्याशिवाय बदल माउसमध्ये लिहिला जात नाही.

आता एखाद्या फाइलमधील मजकूर निवडून ते बटण दाबा. मजकूर कॉपी होईल. खेळासाठी याच पद्धतीने त्या खेळातली हवी ती कळ नोंदवता येते. मात्र स्पर्धेत खेळणार असाल, तर तिथले नियम आधी वाचा. एका दाबात अनेक कळा चालवणारे मॅक्रो काही ठिकाणी चालत नाहीत.

डाव्या हातासाठी

डावे आणि उजवे बटण दोन ठिकाणी अदलाबदल करता येते: सिस्टिमच्या सेटिंगमध्ये किंवा माउसमध्ये. दोन्हीकडे एकदम केलीत, तर एक बदल दुसऱ्याला रद्द करतो आणि बटणे पहिल्यासारखीच राहतात. "सेटिंग लागतच नाही" असे वाटते तेव्हा पुष्कळदा कारण हेच असते. म्हणून एकच जागा निवडा. माउस फक्त आपण वापरत असू, तर बदल माउसमध्ये करा. माउस सर्वांचा असेल, तर आपल्या खात्याच्या सिस्टिम सेटिंगमध्ये करा. नाहीतर आपल्यानंतर बसणाऱ्याची अडचण होईल.

सावधगिरी

डाव्या क्लिकचे काम काढताना ते दुसऱ्या बटणाला दिले आहे याची खात्री करा. चुकून क्लिकच गेले, तर टॅब आणि एंटर कळांनी पायपरमध्ये फिरता येते, किंवा दुसरा माउस जोडून दुरुस्ती करता येते.

सारांश

या पाठात आपण डीपीआय, पोलिंग रेट आणि बटणांची नवी कामे पाहिली. सेटिंग बदलण्याआधी ती माउसमध्ये राहणार की संगणकात, हे ठरवणे महत्त्वाचे आहे.

सराव

बाजूच्या दुसऱ्या बटणाला कंट्रोल आणि व्ही ही जोडी द्या. मग माउस काढून दुसऱ्या संगणकाला लावा आणि बटण तेच काम करते का ते पाहा.