टंचाई नावाची संस्कृती

अर्थशास्त्राचं कुठलंही क्रमिक पुस्तक उघडा. माणसाच्या गरजा अमर्याद आणि साधनं मर्यादित, हे वाक्य पहिल्याच प्रकरणात भेटतं. अकरावीत ते पाठ होतं आणि पुढे जन्मभर कोणी तपासत नाही. मार्शल सालिन्स या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने ते तपासलं. १९३० मध्ये शिकागोत जन्मलेल्या आणि २०२१ मध्ये वारलेल्या या माणसाने साठेक वर्षं लिखाण केलं. फिजीतलं मोआला बेट, हवाईचे सरदार, कॅप्टन कुकचा मृत्यू, अमेरिकी खाटकाकडचे मांसाचे भाव, राजांची उत्पत्ती असा त्यांचा ऐसपैस पसारा. त्या पसाऱ्यात एक प्रश्न मात्र सतत डोकं वर काढतो: माणसाला काय हवं, हे ठरवतं कोण? निसर्ग, बाजार, की तो ज्या समाजात वाढला तो समाज?

सालिन्स यांचं नाव घेतलं की अभ्यासकांना पहिल्यांदा आठवतो तो ‘मूळचा संपन्न समाज’ हा निबंध. १९६६ च्या एप्रिलमध्ये शिकागोत शिकारी समाजांवर एक परिषद भरली होती. शिकार आणि कंदमुळांवर जगणारा माणूस म्हणजे दिवसरात्र अन्नामागे धावणारा, हातातोंडाची गाठ न पडणारा जीव, असंच तोवरचं चित्र होतं. परिषदेत रिचर्ड ली यांनी कलहारी वाळवंटातल्या डोबे भागातल्या कुंग लोकांची टिपणं मांडली. १९६४ च्या जुलैत चार आठवडे त्यांनी कोण किती काम करतो याची नोंद ठेवली होती. प्रौढ माणूस अन्न मिळवण्यात आठवड्याचे सरासरी अडीच दिवस, म्हणजे साधारण पंधरा तास घालवत होता आणि माणशी दिवसाला २,१४० कॅलरी पोटात जात होत्या. मोंगोंगो नावाचं कवचाचं फळ इतकं पिकायचं की बरंचसं झाडाखालीच पडून राहायचं. ऑस्ट्रेलियाच्या आर्नहेम लँडमधली १९४८ ची निरीक्षणंही सालिन्स यांनी जोडीला घेतली. तिथले लोक दिवसाला चार-पाच तास अन्नाच्या मागे असत, तेही सलग नाही. उरलेल्या वेळात गप्पा आणि भरपूर झोप.

यावरून सालिन्स यांनी मांडलेला मुद्दा साधा होता, पण झोंबणारा होता. सुबत्तेकडे जाणाऱ्या वाटा दोन: पुष्कळ निर्माण करायचं, किंवा थोडकंच मागायचं. अर्थतज्ज्ञ गालब्रेथ यांनी १९५८ मध्ये ‘द अफ्लुएंट सोसायटी’ हे पुस्तक लिहून युद्धोत्तर अमेरिकेला संपन्न म्हटलं होतं. सालिन्स यांनी तेच बिरूद कलहारीतल्या लोकांना लावलं. ज्याला दर काही आठवड्यांनी मुक्काम हलवायचा आहे, त्याला मालमत्ता हे ओझंच. भांडीकुंडी वाढली की पाठ वाकते, म्हणून तो कमीत भागवतो आणि त्यात त्याला काही कमी पडल्यासारखं वाटत नाही. हा निबंध पुढे १९७२ च्या ‘स्टोन एज इकॉनॉमिक्स’ या पुस्तकाचं पहिलं प्रकरण झाला.

आता या हिशेबातल्या खोटी. आर्नहेम लँडमधल्या फिश क्रीक इथली नोंद जेमतेम दोन आठवड्यांची होती. त्या टोळीत पोसायला लहान मुलं नव्हती, आणि मंडळी आधी मिशनच्या वस्तीत राहिलेली होती. कुंगांच्या पंधरा तासांत स्वयंपाक, सरपण, हत्यारांची डागडुजी यातलं काहीच धरलेलं नव्हतं. पुढे ली यांनीच ती कामं मिळवली तेव्हा आकडा आठवड्याला चाळीस तासांच्या वर गेला. घरकाम हे काम नव्हेच, हे गृहीत कलहारीपर्यंत पोहोचलं होतं म्हणायचं! डेव्हिड कॅप्लन यांनी २००० मध्ये या निबंधाची काळी बाजू दाखवणारा सविस्तर लेख लिहिला. बालमृत्यू आणि उपासाचे दिवस यांचा हिशेब त्यात आहे. सालिन्स यांनीही फिरत्या जगण्याची किंमत लपवली नव्हती. चालवत नाही अशा म्हाताऱ्यांना मागे सोडणं, नवजात बाळाला मारणं, हे त्यांच्या निबंधात आहे. घाईने उद्धृत करणारे तेवढी पानं उलटून पुढे जातात.

तरीही मला वाटतं, आकडे डळमळले म्हणून प्रश्न मिटत नाही. गरिबी म्हणजे घरात वस्तू कमी असणं नव्हे, ते माणसामाणसांतलं नातं आहे आणि ते नागरी जीवनाबरोबर आलं, हे त्यांचं म्हणणं तासांच्या बेरजेवर उभं नाही.

त्याच पुस्तकातली पुढची प्रकरणं फार कमी लोक वाचतात, आणि माझ्या मते खरा ऐवज तिथे आहे. सालिन्स यांनी रशियन कृषि-अर्थतज्ज्ञ चायानोव यांना कामाला लावलं. स्टालिनच्या राजवटीत १९३७ मध्ये गोळ्या घातलेल्या या माणसाने दाखवलं होतं की ज्या शेतकरी कुटुंबात कमावते हात जास्त आणि खाणारी तोंडं कमी, तिथे प्रत्येक जण कमी राबतो. पोटापुरतं झालं की काम थांबतं. सालिन्स यांनी हे सूत्र आफ्रिका आणि न्यू गिनीतल्या गावांना लावून पाहिलं. काही घरं त्या सूत्रापेक्षा जास्त राबताना दिसली. त्या जादा कामामागे कोणी तरी पुढारी असतो, मेजवान्या असतात, मान असतो. म्हणजे वरकड उत्पादन पोटातून येत नाही, राजकारणातून येतं. देवघेवीचेही त्यांनी तीन प्रकार केले: हिशेब न ठेवता देणं, तोलून मापून फेड करणं, आणि दुसऱ्याला गंडवून घेणं. नातं जितकं लांबचं तितका हिशेब कडक.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. सुतार, लोहार, कुंभार यांनी वर्षभर काम करायचं आणि सुगीला खळ्यावरून धान्याचं बलुतं न्यायचं, ही व्यवस्था त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’त नोंदवली. तिथेही मजुरीला बाजाराचा भाव नव्हता. पण आत्रे या व्यवस्थेच्या प्रेमात पडले नाहीत. वतनदारी आणि जातीचा काच त्यांनी स्पष्ट लिहिला. सालिन्स वाचताना आत्रे हाताशी असावेत, कारण पैशावाचूनची देवघेव म्हणजे मायेचीच असते, असा समज तेव्हा टिकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या महाराच्या वाट्याला आलेली येसकरकी, म्हणजे गावाच्या वेशीवरची राखण आणि चाकरी, ही सुद्धा बाजाराबाहेरचीच होती.

१९६७ ते १९६९ ही दोन वर्षं सालिन्स पॅरिसमध्ये होते. मिशिगनला लेस्ली व्हाइट यांच्या हाताखाली शिकलेले सालिन्स आधी संस्कृतीची उत्क्रांती ऊर्जेच्या वापरात मोजत. पॅरिसला मानवशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉस यांच्या सहवासात ते उलट दिशेला, म्हणजे माणूस वस्तूंना देतो त्या अर्थांकडे, गेले. त्याचं फळ म्हणजे १९७६ चं ‘कल्चर अँड प्रॅक्टिकल रीझन’. त्यातलं अमेरिकी मांसबाजाराचं विवेचन मला अजून ताजं वाटतं. एका गुराच्या अंगात स्टेकचं मांस पुष्कळ आणि जीभ एकच. मागणी-पुरवठ्याच्या नियमाने जीभ महाग हवी. प्रत्यक्षात स्टेक सर्वांत महाग, जीभ आणि काळीज स्वस्त. पोषणातही असा फरक नाही. सालिन्स म्हणतात, अमेरिकी माणूस प्राण्यांची वर्णव्यवस्थाच लावून बसला आहे. कुत्रा घरात, माणसासारखं नाव घेऊन राहतो, म्हणून अभक्ष्य. घोडा कामाचा गडी, त्याला खायचं तर जीव कचरतो. गाय आणि डुक्कर परके, ते खुशाल ताटात. त्यांच्यातही जो भाग ‘आतला’, आपल्या शरीराची आठवण देणारा, तो हलका. बाजारभाव या क्रमाच्या मागून चालतो. पाश्चात्त्यांना चालीरीती फक्त ‘आदिवासीं’कडे दिसतात आणि स्वतःकडे दिसतो तो निव्वळ व्यवहार, यावर इतका नेमका घाव दुसऱ्या कोणी घातल्याचं मला आठवत नाही.

या बाबतीत त्यांचे कायमचे प्रतिपक्षी मार्विन हॅरिस. भारतात गाय पवित्र का, याचं उत्तर हॅरिस यांनी १९६६ मध्ये शेण, बैल आणि दूध यांच्या उपयुक्ततेत शोधलं होतं. त्यांचा समाचार पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर यांनीही १९६९ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त घेतला, पण तो अर्थशास्त्राच्या अंगाने. सालिन्स यांची हरकत निराळी होती. अॅझ्टेकांच्या नरबळीमागे प्रथिनांची टंचाई होती, या मांडणीला हॅरिस यांनी उचलून धरलं, तेव्हा १९७८ मध्ये सालिन्स यांनी विचारलं: नुसतं मांसच हवं होतं तर एवढे देव, एवढी मिरवणूक, एवढे विधी कशाला?

जीवशास्त्राशीही त्यांनी दोन हात केले. जीवशास्त्रज्ञ विल्सन यांच्या ‘सोशिओबायॉलॉजी’ला (१९७५) उत्तर म्हणून वर्षभरात ‘द यूज अँड अब्यूज ऑफ बायॉलॉजी’ आलं. मुद्दा दमदार होता: पॉलिनेशियात दत्तक घेणं सर्रास चालतं, सख्खे भाऊ वेगळ्या घरांत आणि परके एका चुलीवर असतात, तेव्हा रक्ताच्या टक्केवारीने माणसं एकमेकांना मदत करतात हे म्हणणं टिकत नाही. मात्र ज्यांच्या भाषेत अपूर्णांकच नाहीत ते लोक एक अष्टमांश नातं मोजणार कसं, असाही टोमणा त्यांनी मारला. जीवशास्त्रज्ञ डॉकिन्स यांनी तो परतवला: गोगलगाईच्या शंखाला लॉगरिदमचा वळसा असतो, पण ती लॉगची कोष्टकं कुठे ठेवते? ही फेरी डॉकिन्स यांची. पण स्पर्धेवर चाललेला इंग्रजी बाजार आधी निसर्गात पाहायचा आणि मग तोच निसर्गाचा नियम म्हणून समाजावर लादायचा, हा जुना फेरा सालिन्स यांनी दाखवला. त्याला त्या विनोदात उत्तर नाही.

कॅप्टन कुकला हवाईच्या लोकांनी लोनो देव मानलं का, यावर मानवशास्त्रज्ञ गणनाथ ओबेयसेकरे यांच्याशी झालेला वाद खूप गाजला. मला त्यापेक्षा १९८८ चं ‘कॉस्मॉलॉजीज ऑफ कॅपिटॅलिझम’ हे व्याख्यान मोलाचं वाटतं. १७९३ मध्ये मॅकार्टनी इंग्लंडच्या राजाच्या भेटी घेऊन चीनच्या बादशहाकडे गेला. बादशहाने त्या खंडणी म्हणून ठेवून घेतल्या आणि तुमचा माल आम्हाला नको, असं कळवलं. इंग्लंडला तर चहा हवाच होता. तो घ्यायचा कशाच्या बदल्यात? बंगालची अफू गेली, मुंबई बंदरातून माळव्याची गेली, आणि हवाईचं चंदन गेलं. हवाईच्या सरदारांनी आपल्या रयतेला चंदन तोडायला डोंगरात पाठवलं आणि मिळकतीतून परदेशी चैनीचा माल गोळा केला. राजा लिहोलिहोने १८२० मध्ये चंदनाच्या बदल्यात एक अमेरिकी विलासनौकाच विकत घेतली. भांडवलशाही जगभर पसरली खरी, पण प्रत्येक ठिकाणी तिला स्थानिक मानापमानाच्या चाकोरीतूनच जावं लागलं. जागतिकीकरणावर आपल्याकडे नव्वदीनंतर जे ढीगभर लिहिलं गेलं, त्यातलं फार थोडं या व्याख्यानाच्या पासंगाला पुरेल.

पुस्तकांबाहेरही माणूस स्वस्थ बसणारा नव्हता. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मार्च १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठात रात्रभर वर्ग भरले, ती कल्पना सालिन्स यांची. मानवशास्त्रज्ञ नेपोलियन शॅन्यों यांची सदस्य म्हणून निवड आणि लष्करासाठीचं संशोधन या दोन कारणांवरून त्यांनी २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा राजीनामा दिला.

शिष्य डेव्हिड ग्रेबर यांच्याबरोबर २०१७ मध्ये काढलेल्या ‘ऑन किंग्ज’मध्ये सालिन्स यांचा ‘मूळचा राजकीय समाज’ हा निबंध आहे. शीर्षक मुद्दामच जुन्या निबंधाच्या वळणाचं. त्यांचं म्हणणं असं की ज्यांना राजा नाही, पाटील नाही, तेही मोकळे नसतात. इनुइट शिकाऱ्याच्या सीलवर समुद्रतळाशी बसलेल्या सेडना या देवीची मालकी असते. कोणी पाळणूक मोडली तर ती सगळे सील अडवून धरते आणि अख्खी वस्ती उपाशी राहते. देवांचं राज्य आधी होतं, माणसांचे राजे मागून आले आणि त्यांनी तेच राज्य चालवलं. हाच धागा त्यांच्या पश्चात २०२२ मध्ये आलेल्या ‘द न्यू सायन्स ऑफ द एन्चँटेड युनिव्हर्स’मध्ये पुढे जातो. तिथे बहुसंख्य मानवजातीच्या लेखी अन्न मिळवणं हाच देवांशी चाललेला व्यवहार आहे. मग १९७२ मधला तो निवांत, थोडकंच मागणारा शिकारी खरोखर स्वतःच्या मर्जीने थोडकं मागत होता, की सेडनासारखी कोणी धनीण आणखी देत नव्हती म्हणून? दोन्ही निबंध त्यांचेच, आणि ते एकमेकांना पुरते जुळत नाहीत.