गाजर आणि गाजराची गोळी

फिनलंडच्या नैर्ऋत्य भागात १९८५ ते १९८८ या काळात २९,१३३ पुरुषांची एका प्रयोगासाठी निवड झाली. वय ५० ते ६९, आणि सगळे सिगारेट ओढणारे. गाजर, रताळी, पालेभाज्या यांत असणारं बीटा-कॅरोटीन हे द्रव्य गोळीतून दिलं, तर फुप्फुसाचा कॅन्सर टळेल का, हा प्रश्न होता.

उत्तर ‘हो’ येणार, असंच तेव्हा बहुतेकांना वाटत होतं आणि त्याला कारणही होतं. ज्यांच्या आहारात, रक्तात हे द्रव्य जास्त, त्यांना हा कॅन्सर कमी होतो, असं देशोदेशीच्या पाहण्यांत दिसलं होतं. पेशींची हानी ते कसं रोखत असेल, याचंही पटण्याजोगं स्पष्टीकरण होतं.

निम्म्या लोकांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन मिळालं, उरलेल्यांना ते नसलेल्या, पण तशाच दिसणाऱ्या गोळ्या. कोणाच्या वाट्याला काय, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. पाच ते आठ वर्षांनी मोजदाद झाली. ज्यांना बीटा-कॅरोटीन मिळालं नव्हतं त्यांच्यात फुप्फुसाच्या कॅन्सरचे ४०२ रुग्ण निघाले. ज्यांना मिळालं होतं त्यांच्यात ४७४. गोळीने कॅन्सर घटला तर नाहीच, वाढला. १९९४ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा काहींना तो योगायोग वाटला. पण अमेरिकेत १८,३१४ जणांवर असाच प्रयोग चालू होता. तिथे बीटा-कॅरोटीनसोबत ‘अ’ जीवनसत्त्वही दिलं जात होतं. तिथेही कॅन्सर २८ टक्क्यांनी जास्त दिसला आणि जानेवारी १९९६ मध्ये तो प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला.

मला यातली सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेगळीच नोंद. फिनलंडमधल्या ज्यांना ही गोळी मिळाली नव्हती, त्यांच्यातही सुरुवातीला ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त होतं त्यांना कॅन्सर कमीच झाला होता. म्हणजे आधीच्या पाहण्या खोट्या नव्हत्या. त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकला होता. भरपूर भाज्या खाणारा माणूस इतरही अनेक बाबतींत वेगळा असतो. शिवाय धूम्रपानानेच रक्तातलं हे द्रव्य घटतं, त्यामुळे ज्याच्या रक्तात ते कमी तो कदाचित जास्त सिगारेट ओढणाराच असतो. भाजीत इतर शेकडो द्रव्यं असतात, ती वेगळीच. नुसत्या निरीक्षणातून यांतलं खरं कारण वेगळं काढता येत नाही.

म्हणून ‘अमुक खाणाऱ्यांना तमुक आजार होत नाही’ असं कोणी सांगितलं की मी आधी विचारते: लोकांना नुसतं पाहिलं, की चिठ्ठ्या टाकून दोन गट केले? आणि किती लोक होते? २०१५ साली जॉन बोहॅनन या विज्ञान पत्रकाराने जर्मनीत चॉकलेटवर मुद्दाम एक कच्चा प्रयोग घडवला. माणसं जेमतेम १५, मोजण्या मात्र वजन, कोलेस्टेरॉल, झोप अशा १८. एवढ्या गोष्टी मोजल्या की निव्वळ योगायोगाने एखादी तरी ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता सुमारे ६० टक्के असते. तशी निघालीच, आणि चॉकलेटने वजन लवकर उतरतं ही बातमी अनेक देशांत छापून आली. किती माणसांवर हा प्रयोग झाला, हे जवळपास कोणीच विचारलं नव्हतं.

टक्केवारीही जपून वाचावी लागते. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१५ मध्ये सांगितलं. हा दावा भक्कम आहे. पण ब्रिटनसारख्या देशात आयुष्यभरात १०० पैकी साधारण ६ जणांना हा कॅन्सर होतो. तिथे १८ टक्के वाढ म्हणजे सहाचे सात. शंभरातल्या अठरा जणांना होईल, असा त्याचा अर्थ नाही.

चूक कबूल करणाऱ्या संशोधकांवर माझा विश्वास वाढतो. स्पेनमध्ये ७,४४७ जणांवर ऑलिव्ह तेल आणि सुकामेव्याच्या आहाराचा गाजलेला प्रयोग झाला होता. त्यात काही ठिकाणी गट चिठ्ठीने पाडलेच गेले नव्हते, एका घरातल्या सगळ्यांना एकच आहार दिला गेला होता. हे लक्षात आल्यावर लेखकांनी २०१८ मध्ये २०१३चा निबंध मागे घेतला, आकडेमोड नव्याने केली आणि निष्कर्ष अधिक सावध शब्दांत पुन्हा छापला. दावा विकणारे लोक असं करत नाहीत. गोळी, पावडर किंवा महागडा कोर्स विकणारा स्वतःच पुरावाही देत असेल, तर तो पुरावा दुसऱ्या कोणी तपासला आहे का ते पाहा, आणि तोवर डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करू नका.

धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेऊ नयेत, असं आज वैद्यकशास्त्र स्पष्ट सांगतं. गाजर खायला मात्र कोणाचीच हरकत नाही.