सुगंधी घरगुती साबण

सुगंधी घरगुती साबण म्हणजे वनस्पतिज तेले आणि कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) यांच्या अभिक्रियेतून घरी तयार केलेला व सुगंधी द्रव्ये मिसळलेला साबण होय. १४ फेब्रुवारी रोजी साजऱ्या होणाऱ्या व्हॅलेंटाइन दिनी प्रिय व्यक्तीला स्वहस्ते केलेली भेट म्हणून गुलाबगंधी, हृदयाच्या आकाराच्या वड्या देता येतात. घरी साबण करण्यासाठी प्रामुख्याने शीत प्रक्रिया वापरली जाते. या प्रक्रियेत साबण मुरण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. त्यामुळे १४ फेब्रुवारीला द्यावयाचा साबण जानेवारीच्या पहिल्या दिवसांतच करावा लागतो.

रासायनिक प्रक्रिया

तेलाच्या एका रेणूची सोडियम हायड्रॉक्साइडच्या तीन रेणूंशी अभिक्रिया होऊन साबणाचे तीन रेणू व ग्लिसरीनचा एक रेणू तयार होतो. या अभिक्रियेस साबणीकरण म्हणतात. मेदांची रासायनिक रचना फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्हरल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उलगडली. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कारखान्यांत ग्लिसरीन बहुधा वेगळे काढले जाते. शीत प्रक्रियेच्या साबणात ते वडीतच राहते.

प्रमाण

प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो. १ ग्रॅम खोबरेल तेलास सुमारे ०.१८३ ग्रॅम, तर १ ग्रॅम ऑलिव्ह तेलास सुमारे ०.१३४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड लागते. ७०० ग्रॅम ऑलिव्ह व ३०० ग्रॅम खोबरेल तेलाच्या मिश्रणास या हिशोबाने १४८.७ ग्रॅम सोडा लागेल. प्रत्यक्षात तो ५ टक्के कमी, म्हणजे सुमारे १४१ ग्रॅम घेतात. त्यामुळे थोडे तेल मुक्त राहते आणि सोडा शिल्लक उरत नाही. पाणी सोड्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे २८० ग्रॅम घेतात. सर्व घटक वजनानेच मोजावे लागतात. तेल बदलून सोडा तेवढाच ठेवल्यास वडीत दाहक सोडा उरून त्वचेला इजा होऊ शकते.

कृती

१. सोडा थंड पाण्यात हळूहळू घालून ढवळतात. द्रावण अतिशय तापते. ते निवू देतात.
२. द्रावण व तेले दोन्ही सुमारे ४० अंश सेल्सियसला आल्यावर एकत्र करून हँड ब्लेंडरने घुसळतात.
३. मिश्रण पातळ कढीसारखे दाट होऊन पृष्ठभागावर धारेची रेघ उमटू लागली की सुगंधी तेल व रंग मिसळतात.
४. मिश्रण साच्यात ओतून २४ ते ४८ तास ठेवतात, नंतर वड्या पाडतात.
५. वड्या हवेशीर जागी ४ ते ६ आठवडे ठेवतात. या काळात पाणी उडून जाते व वडी कठीण होते.

सुगंध व रंग

सुगंधी तेल साधारणतः तेलांच्या वजनाच्या ३ टक्क्यांपर्यंत, म्हणजे वरील प्रमाणास ३० ग्रॅमपर्यंत घालतात. १ किलो गुलाबतेलासाठी काही टन पाकळ्या लागत असल्याने अस्सल गुलाबतेल साबणात क्वचितच वापरले जाते. त्याऐवजी जिरेनियम किंवा रोशा गवताचे तेल वापरतात. रोशा तेलात गुलाबातही आढळणारे जिरॅनिऑल हे द्रव्य मुबलक असते. पूर्वी खानदेशातून या तेलाचा व्यापार चाले. लिंबूवर्गीय सुगंध लवकर उडतात, तर वाळा व पॅचौली यांचे गंध दीर्घकाळ टिकतात. लवंग व दालचिनीच्या तेलांमुळे मिश्रण झपाट्याने घट्ट होते. ती त्वचेला दाहकही ठरू शकतात.

सोड्याच्या संपर्कात गुलाबाच्या पाकळ्या व बीटाचा रस तपकिरी पडतात. गुलाबी छटेसाठी मंजिष्ठेची पूड किंवा गुलाबी चिकणमाती वापरतात. पाकळ्या शोभेसाठी हव्या असल्यास वेष्टनात ठेवणे सोयीचे असते.

सुरक्षितता

सोडा नेहमी पाण्यात घालावा. सोड्यावर पाणी ओतल्यास द्रावण उसळून अंगावर उडू शकते. चष्मा, हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे आवश्यक असतात. सोड्याच्या द्रावणाची अॅल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन ज्वलनशील हायड्रोजन वायू निर्माण होतो. म्हणून स्टेनलेस स्टीलची किंवा उष्णता सोसणारी प्लास्टिकची भांडी वापरतात. द्रावण त्वचेवर पडल्यास भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास सतत धुवत तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. लहान मुलांना या कामापासून दूर ठेवावे.

पर्यायी पद्धत

वेळ कमी असल्यास किंवा सोडा हाताळायचा नसल्यास बाजारात मिळणारा तयार सोप बेस वापरतात. तो उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवून त्यात रंग व सुगंध मिसळतात आणि साच्यात ओततात. साबणीकरण आधीच झालेले असल्याने या वड्या काही तासांत वापरण्यायोग्य होतात.