आपत्तीत शहराला सावरणारे माहितीचे जाळे

मुंबई (खास प्रतिनिधी)

२६ जुलै २००५ रोजी दुपारी फोर्ट, नरिमन पॉइंट येथील कार्यालयांतून उपनगरांतील घराकडे निघालेल्या नोकरदारांना एक साधी गोष्ट ठाऊक नव्हती. आपण जिकडे निघालो आहोत तिकडे शहर बुडत आहे, ही ती गोष्ट. कुलाबा वेधशाळेने त्या २४ तासांत सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस नोंदविला. मुंबईकराच्या दृष्टीने हा जुलै महिन्यातला नेहमीचा पाऊस. सांताक्रूझ वेधशाळेतील नोंद मात्र ९४४ मिलिमीटर होती. एकाच शहरात, जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरच्या अंतरात, एवढी तफावत! त्यातच दुपारी चारच्या सुमारास समुद्राला ४.४८ मीटरची भरती आली, मिठी नदीचे पाणी उलटे फिरले आणि ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या जुन्या पर्जन्यवाहिन्यांची क्षमता केव्हाच संपली. मुंबईत त्या प्रलयात चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

त्या दिवशी पाऊस थांबविणे कोणाच्याच हाती नव्हते. परंतु 'सांताक्रूझच्या पुढे जाऊ नका, आहात तेथेच थांबा' एवढा निरोप दुपारी वेळेवर दक्षिण मुंबईत पोहोचला असता, तर पाण्यात अडकलेल्यांची संख्या निश्चितच कमी झाली असती. निरोप पोहोचला नाही, कारण तो कोणाकडे तयारच नव्हता. शहराच्या कोणत्या भागात या क्षणी किती पाऊस पडतो आहे, हे तत्काळ सांगणारी यंत्रणाच अस्तित्वात नव्हती. दूरध्वनी आणि मोबाइल सेवा कोलमडल्यामुळे जे थोडेफार कळत होते तेही पुढे सरकले नाही. माहिती तंत्रज्ञानाच्या आधारे शहरांनी संकटाशी सामना करण्याच्या गोष्टी आज मोठ्या उत्साहाने सांगितल्या जातात. त्यांचे मोल जोखायचे तर या दुपारपासूनच सुरुवात करावी लागते.

पंधरा मिनिटांचा हिशेब

महापुरानंतर मुंबई महापालिकेने आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांच्या साह्याने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसविले. त्यांतील बहुतेक अग्निशमन केंद्रांच्या गच्चीवर आहेत. निवड साधी, पण विचारपूर्वक केलेली होती. अग्निशमन केंद्र शहराच्या प्रत्येक भागात असते, तेथे चोवीस तास माणूस असतो आणि यंत्राची देखभालही होते. दर पंधरा मिनिटांनी पावसाची नोंद नियंत्रण कक्षाकडे येऊ लागली. दिवसभराच्या बेरजेला पुराच्या वेळी फारसा अर्थ नसतो. २०० मिलिमीटर पाऊस दिवसभरात रिमझिम पडला तर शहर तो पचवते. तोच तीन तासांत कोसळला तर हिंदमाता आणि मिलन सब-वे पाण्याखाली जातात. नियंत्रण कक्षाला म्हणूनच पावसाच्या बेरजेइतकाच त्याचा वेग कळावा लागतो. तो कळला की पंप केव्हा सुरू करायचे, वाहतूक कोठे वळवायची आणि शाळा केव्हा सोडायच्या याचे निर्णय घेता येतात.

याच्या पुढचे पाऊल जून २०२० मध्ये पडले. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने महापालिकेच्या सहकार्याने 'आयफ्लोज मुंबई' ही पूर-इशारा प्रणाली कार्यान्वित केली. पावसाचा अंदाज, भरती-ओहोटी, जमिनीचा चढ-उतार, नद्या-नाल्यांची वहनक्षमता आणि वस्तीची घनता यांची सांगड घालून कोणत्या भागात किती पाणी साचू शकेल, याचा अंदाज ही प्रणाली ६ ते ७२ तास आधी देते. तत्पूर्वी चेन्नईसाठी अशीच प्रणाली उभारण्यात आली होती. त्यामागे डिसेंबर २०१५ मधील तेथील महापुराचा कटू अनुभव होता.

अर्थात, अंदाज पाणी उपसत नाही. तो वाचून कोणीतरी काहीतरी करावे लागते. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत पर्जन्यमापक होते, नियंत्रण कक्षही होता. तरीही गुडघाभर पाण्यातून घरी चालत निघालेले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू पावले. त्या मॅनहोलचे झाकण उघडे आहे, ही माहिती आसपास कोणालातरी नक्कीच होती. ती रस्त्यावरून चालणाऱ्या माणसापर्यंत येण्याची वाट मात्र नव्हती. गच्चीवरच्या यंत्राला पाऊस कळतो, रस्त्यावरचा खड्डा कळत नाही. तो माणसालाच दिसतो. म्हणजेच यंत्रांच्या जोडीला नागरिकांचे डोळे या जाळ्यात आणावे लागतात.

जकार्ताचा धडा

हे काम जगात ज्या शहराने सर्वांत कल्पकतेने केले ते इंडोनेशियातील जकार्ता. मुंबईप्रमाणेच समुद्राच्या काठी वसलेले, मुंबईप्रमाणेच भरती आणि पावसाच्या कात्रीत सापडणारे हे महानगर. शिवाय उपशामुळे त्याची जमीन खचते आहे. तेथील नागरिक सोशल मीडियावर अखंड बडबड करणारे म्हणून ओळखले जातात. ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी जकार्ताच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेला बरोबर घेऊन २०१४ च्या सुमारास 'पेटाजकार्ता' हा प्रकल्प सुरू केला. 'पेटा' म्हणजे नकाशा.

त्याची रीत मोठी गमतीदार होती. शहरातील कोणी ट्विटरवर 'बांजिर', म्हणजे पूर, हा शब्द लिहिला की संगणक आपण होऊन त्याला उत्तर पाठवी. पूर दिसतो आहे का? मग फोनमधील ठिकाण दाखविण्याची सोय सुरू करून पुन्हा कळवा. उत्तर आले की तो बिंदू सर्वांना दिसणाऱ्या नकाशावर उमटे. या एका प्रश्नाने बरीच गाळणी होत असे. 'पुरात आठवणी वाहून गेल्या' असे लिहिणारा प्रेमभंगग्रस्त तरुण उत्तर देत नाही. ज्याच्या दारात खरोखर पाणी आले आहे तो देतो. पुढे २०१७ पासून 'पेटाबेंचाना' या नावाने हा प्रयोग विस्तारला आणि नागरिकाला पाण्याची उंचीही नोंदविता येऊ लागली. १ जानेवारी २०२० रोजी जकार्तातील हलीम विमानतळावर एका दिवसात ३७७ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कोणता रस्ता टाळावा यासाठी नागरिक हाच नकाशा उघडून पाहत होते.

या प्रयोगाचे कौतुक तंत्रासाठी होते, पण त्याचे खरे बळ दुसरीकडे आहे. नागरिक जो नकाशा पाहत होता तोच सरकारी नियंत्रण कक्षातही उघडलेला होता. तक्रार एका खिडकीत आणि कारवाईचा कागद दुसऱ्या खिडकीत, असा प्रकार तेथे नव्हता. आपल्याकडे अनेक शहरांनी गेल्या काही वर्षांत मोबाइल अॅप काढली. छायाचित्र टाका, तक्रार क्रमांक मिळवा, असे त्यांचे स्वरूप. तक्रार क्रमांक मिळाल्याने नागरिकाचे समाधान होते हे खरे, पण पाणी ओसरत नाही.

चेन्नईने २०१५ मध्ये याच्या उलट बाजूचा अनुभव घेतला. तेथे स्वयंसेवकांनी पुढाकार घेऊन ओपनस्ट्रीटमॅपच्या आधारे पाण्याखाली गेलेल्या रस्त्यांचा नकाशा तयार केला. रस्त्यावर टिचकी मारून कोणीही तो बुडालेला असल्याचे नोंदवू शकत होता. मदत हवी असणारे आणि मदत देऊ इच्छिणारे यांच्या याद्या एकत्र करणारी संकेतस्थळे रातोरात उभी राहिली. नागरिकांनी ही कामगिरी उत्स्फूर्तपणे केली. ती करावी लागली, कारण असा नकाशा आधीपासून कोणाकडे नव्हता.

यादी नव्हे, अधिकार

पूर काही तासांचा असतो. साथीचा रोग महिनोन् महिने पाठ सोडत नाही. त्यामुळे माहितीच्या जाळ्याची खरी परीक्षा कोरोनाकाळात झाली. या परीक्षेत मुंबईने जे केले त्याची नोंद देशभर घेतली गेली आणि मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्राणवायू पुरवठ्याच्या संदर्भात मुंबईच्या पद्धतीचा दाखला दिला.

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत चित्र विदारक होते. प्रयोगशाळा चाचणीचा अहवाल थेट रुग्णाला देत. अहवाल हाती पडताच भेदरलेले कुटुंब मिळेल त्या रुग्णालयाकडे धावे. सारे शहर १९१६ या एकाच मदत क्रमांकावर तुटून पडलेले. ज्याला घरी विश्रांती पुरेशी होती तो खाटेवर आणि ज्याचा श्वास कोंडत होता तो रुग्णवाहिकेत, अशी अवस्था होती. त्यानंतर महापालिकेने त्या वेळच्या २४ विभागांत स्वतंत्र वॉर रूम उघडल्या. प्रयोगशाळांचे अहवाल आधी महापालिकेकडे यावेत, रात्रीतून त्यांची विभागवार छाननी व्हावी आणि सकाळी संबंधित वॉर रूममधून रुग्णाला दूरध्वनी जावा, असा क्रम ठरला. खाट हवी की घरीच राहावे, हे वॉर रूममधील डॉक्टर ठरवीत. रुग्णालयांतील रिकाम्या खाटांचा तक्ता त्यांच्या समोर असे.

या रचनेला विरोधही झाला. आपलाच अहवाल आपल्याला आधी का मिळू नये, हा प्रश्न रास्त होता. जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णाला व नातेवाइकांना अहवाल मिळण्यावर निर्बंध असता कामा नये, असे बजावलेही. परंतु मूळ कल्पनेत तथ्य होते. संगणकाच्या दृष्टीने वॉर रूममधला तक्ता अगदीच सामान्य गोष्ट. कोणत्याही लेखनिकाला तो मांडता आला असता. फरक एवढाच, की तक्त्यासमोर बसलेल्या माणसाला खाट देण्याचा अधिकार होता. आपल्या विभागातील गल्ल्याही त्याला माहीत होत्या. एप्रिल २०२१ मध्ये सहा रुग्णालयांतील प्राणवायूचा साठा संपत आला तेव्हा १६८ रुग्ण एका रात्रीत अन्यत्र हलविण्यात आले. कोठे खाट आहे, कोठे रुग्णवाहिका आहे आणि हुकूम कोणी द्यायचा, या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच यंत्रणेकडे होती म्हणून ते शक्य झाले.

त्याच दिवसांत देशातील अनेक शहरांमध्ये हीच उत्तरे ट्विटर आणि व्हॉट्सअॅपवर शोधली जात होती. प्राणवायूचे सिलिंडर, रेमडेसिव्हिर, प्लाझ्मा, खाटा यांच्या याद्या हातोहात फिरत होत्या. हजारो तरुणांनी रात्री जागवून त्या तयार केल्या आणि त्यांमुळे कित्येकांचे प्राण वाचले. मात्र या याद्यांना एक रोग जडलेला होता, तो म्हणजे शिळेपणाचा. सकाळी दहा वाजता खरा असलेला क्रमांक अकरा वाजता निरुपयोगी ठरे, पण संदेश आठवडाभर फिरत राही. नातेवाईक एकामागून एक चाळीस क्रमांक फिरवीत आणि हाती काही लागत नसे. शहाण्या स्वयंसेवकांनी यावर उपाय काढला. प्रत्येक क्रमांकावर आधी स्वतः दूरध्वनी करायचा आणि खात्री केल्याची वेळ संदेशातच लिहायची. आपत्तीतील माहितीला दुधासारखी मुदत असते, हे त्यांना अनुभवातून कळले होते. दरम्यान, समाजमाध्यमांवर गाऱ्हाणे मांडणाऱ्यांवर कारवाई करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाला ३० एप्रिल २०२१ रोजी सांगावे लागले, यावरून काही प्रशासनांना या हाका कशा वाटत होत्या हे दिसते.

जे नकाशावर नाहीत

अशा प्रत्येक व्यवस्थेत एक धोका लपलेला असतो. ज्याच्याकडे स्मार्टफोन, डेटा आणि लिहिण्याची सवय आहे त्याचा ठिपका नकाशावर उमटतो. ज्याच्या फोनची बॅटरी संपली त्याचा ठिपका दिसत नाही आणि तेथे सारे ठीक आहे असा समज होतो. पुरात सर्वांत आधी वीज जाते, तिच्यामागून काही तासांत मोबाइल टॉवरची बॅटरी. म्हणजे ज्या वस्तीत परिस्थिती सर्वांत वाईट, तीच सर्वांत शांत. नियंत्रण कक्षात बसलेल्या अधिकाऱ्याने या शांततेचा अर्थ ओळखला पाहिजे. जेथून एकही संदेश येत नाही तेथे आधी माणूस पाठवावा, हा नियम कोणत्याही प्रणालीत घालता येईल. त्याला फार मोठे तंत्र लागत नाही.

भाषेचेही तसेच आहे. जानेवारी २०१० मध्ये हैतीची राजधानी पोर्त-ओ-प्रिन्स भूकंपात उद्ध्वस्त झाली, तेव्हा ४६३६ या क्रमांकावर लोकांनी एसएमएस पाठविले ते क्रेओल भाषेत. परदेशी बचाव पथकांना ती अवगत नव्हती. जगभर विखुरलेल्या हैतीच्या नागरिकांनी आपापल्या घरी बसून त्या संदेशांचे भाषांतर केले, ठिकाणे शोधून दिली. मराठी, हिंदी, उर्दू, तमिळ, गुजराती, भोजपुरी अशा सर्व भाषांत मदत मागणाऱ्या मुंबईसारख्या शहराने या उदाहरणाची आठवण ठेवावयास हवी.

शहराकडून नागरिकाकडे जाणाऱ्या निरोपाची वाट मात्र आता पुष्कळ सुधारली आहे. २०२३ मध्ये देशभर ज्याची चाचणी झाली आणि ज्याच्या कर्कश आवाजाने अनेकजण दचकले, तो 'सेल ब्रॉडकास्ट' इशारा हा या सुधारणेचाच भाग. साध्या एसएमएसमध्ये प्रत्येक क्रमांकाला स्वतंत्र संदेश पाठवावा लागतो. लाखो लोकांना पाठवायचा तर जाळे तुंबते. सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवर एकच संदेश आकाशवाणीसारखा प्रसृत करतो आणि त्याच्या टप्प्यातील सर्व फोन तो उचलतात. क्रमांक माहीत असण्याची गरज नाही, इंटरनेटचीही नाही, आणि गर्दीने तो अडतही नाही. संदेश प्रादेशिक भाषेत देता येतो. २००५ मध्ये 'आहात तेथेच थांबा' सांगण्यासाठी हेच साधन हवे होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुसळधार पावसात मिठीची पातळी ३.९ मीटरपर्यंत चढली, तेव्हा कुर्ल्याच्या क्रांतीनगरातील शेकडो रहिवाशांना घरे सोडून सुरक्षित स्थळी जावे लागले. पातळीचा आकडा वेळेवर कळला आणि माणसे वेळेवर हलली. नदीकाठचे हे रहिवासी असे हलविले जाण्याला सरावले आहेत. पाणी उतरले की पुन्हा त्याच काठावर परततात, गाळ उपसतात, भिजलेले धान्य उन्हात घालतात. त्यांचे पुनर्वसन कोठे आणि केव्हा होणार, हा आकडा कोणत्याही नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर दिसत नाही.