जीर्णोद्धार आणि नवकर्म : जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीसंबंधीं कांहीं विचार

जुन्या वाड्यांतील दफ्तरें शोधून काढण्याचें काम महाराष्ट्रांत सव्वाशें वर्षांहून अधिक काळ चाललें आहे. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. कै. वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दफ्तर त्याच सुमारास हातीं घेतलें. नाना फडणिसांचें मेणवलीचें दफ्तर कै. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या संग्रहांत गेलें, आणि त्यांचें साताऱ्याचें संग्रहालय १९३९ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत आलें. या सर्व खटाटोपांत ज्या भिंतींनीं ते कागद दीडदोनशें वर्षें ऊनपावसापासून राखले, त्या भिंतींकडे मात्र आम्हां संग्राहकांचें लक्ष क्वचितच गेलें. रुमाल उचलावा, झटकावा, यादी करावी आणि उंबऱ्याबाहेर पडावें, ही आमची रीत. पुढें दहा वर्षांनीं त्या जागीं सहा मजली इमारत उभी दिसली कीं दोन उसासे टाकावे. प्रस्तुत लेखक या दोषांतून स्वतःस वगळीत नाहीं.

अलीकडे परिस्थिति थोडी पालटली आहे. जुने वाडे राखावे असें म्हणणारे लोक पुष्कळ झाले आहेत, आणि त्यांतील कांहीं खर्चासही तयार असतात. परंतु राखणें म्हणजे काय, याविषयीं घोटाळा आहे. आणि तो घोटाळा बऱ्याच अंशीं 'जीर्णोद्धार' या एका शब्दानें केला आहे असें आम्हांस वाटतें. म्हणून प्रथम शब्दाचा विचार करूं.

जीर्णोद्धार हा शब्द मूळचा देवालयांच्या प्रकरणांतील. अग्निपुराणांत त्याचा विधि स्वतंत्रपणें सांगितला आहे, आणि मयमतासारख्या शिल्पग्रंथांतही जुन्या वास्तूच्या पुनःसंस्काराचा अध्याय आहे. तेथील दृष्टि स्पष्ट आहे: मूर्ति फार भंगली असेल तर ती विधिपूर्वक विसर्जन करावी व नवी स्थापावी. यांत कांहींच गैर नाहीं. देवत्व दगडांत अडकलेलें नसतें. तें एका दगडांतून दुसऱ्यांत नेतां येतें. परंतु इतिहासाचें तसें नाहीं. नानांच्या काळच्या खांबाची साक्ष नव्या खांबांत मंत्र म्हणून उतरवितां येत नाहीं. जुना खांब गेला कीं त्याची साक्षही गेली. म्हणून देवळाचा जीर्णोद्धार आणि वाड्याचें रक्षण हीं दोन कामें एका शब्दाखालीं आणणें आम्हांस धोक्याचें वाटतें.

त्यापेक्षां ताम्रपटांतील एक शब्द अधिक उपयोगी आहे. वलभीच्या मैत्रकांनीं विहारांस दिलेल्या दानपत्रांत दानाच्या हेतूंमध्यें 'खण्डस्फुटितप्रतिसंस्कार' असा उल्लेख वारंवार येतो. जें तुटलें किंवा फुटलें आहे त्यास पुन्हा नीट करणें, एवढाच त्याचा अर्थ. याच्या शेजारीं अन्यत्र 'नवकर्म' हा शब्दही आढळतो. प्रयोगांत दोहोंचे अर्थ पुष्कळदां एकमेकांत मिसळतात हें खरें, परंतु शब्द दोन आहेत आणि आम्हांस त्यांची जरुरी आहे. फुटलें तेवढें सांधणें हा प्रतिसंस्कार. सांधण्याच्या निमित्तानें सगळेंच नवें करणें हें नवकर्म. आज जीर्णोद्धार या नांवाखालीं जें चालतें त्यांतील बरेंच नवकर्म असतें. इमारतीची निगा हें राज्यकर्त्यांचें कर्तव्य आहे ही कल्पनाही आपल्याकडे परकी नाहीं. शके ७२ मध्यें फुटलेला गिरनारजवळचा सुदर्शन तलाव रुद्रदाम्न्यानें प्रजेवर कर न बसवितां स्वतःच्या कोशांतून दुरुस्त केला आणि तसें शिळेवर कोरवून ठेवलें, हें वाचकांस ठाऊकच आहे.

पोथी संपादणाऱ्यांस ही गोष्ट एका दाखल्यानें लवकर पटेल. पोथींत चार अक्षरें किडीनें खाल्लीं असतील तर संपादक तीं तर्कानें भरतो, पण कंसांत घालतो. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत तर ज्या पाठाविषयीं संशय आहे त्याखालीं नागमोडी रेघ ओढली आहे. आपण भरलें तें कोणतें आणि हातीं आलें तें कोणतें, हें वाचकास कळावें हा त्यांतील प्रामाणिकपणा. इमारतीसही हाच नियम लागतो. नवा तुकडा जोडणें भाग असेल तर जोडावा. पण तो जवळून पाहतां नवा म्हणून ओळखूं यावा, आणि शक्य तर त्यावर वर्ष कोरावें. त्यास धूर देऊन, तेल चोळून जुना भासविणें म्हणजे प्रक्षिप्त श्लोक व्यासांच्या नांवावर खपविणें होय. पुराणवस्तु खात्याचे सर जॉन मार्शल यांनीं १९२३ च्या आपल्या संरक्षणविषयक पुस्तिकेंत इमारतीचा अस्सलपणा राखण्यावर असाच भर दिला होता.

आतां वाडा उभा कशावर असतो तें पाहूं, कारण दुरुस्तीच्या बहुतेक चुका येथल्या अज्ञानांतून होतात. देशावरील पेशवाई वाड्याचा भार प्रायः भिंतींवर नसून लांकडी सांगाड्यावर असतो. काळ्या दगडाचें जोतें, त्यावर दगडी उथळीं, उथळ्यांवर सागाचे खांब, खांबांवर तुळया, आणि दोन खांबांमधील अंतर तो खण. हें सर्व घर खणांत मोजलें जातें. भिंत ही खांबांमधील पडदा. ती खालीं दगडाची, वर विटांची किंवा कच्च्या भेंड्यांची असते आणि मातींत बांधलेली असते. दर्शनी बाजूस चुन्याचा गिलावा. भिंतीची जाडी हात दीड हात असल्यानें तिच्या पोटांत बळद, कोनाडे आणि क्वचित् जिनाही मावतो. अनेक खांब भिंतींत अर्धे किंवा पूर्ण गाडलेले असतात, म्हणजे दिसत नाहींत. ही शेवटची गोष्ट ध्यानांत ठेवावी.

अशा भिंतींस पाण्याचें भय दोन बाजूंनीं. वरून गळतें तें कोणासही दिसतें. धाब्याच्या घरांत गळती लागली कीं दरवर्षीं मातीचा नवा थर देतात, जुना काढीत नाहींत. भार वाढत जातो आणि तुळया वांकतात. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत पूर आला तेव्हां नदीकाठच्या पेठांतील वाडे कोसळले, त्याचें एक कारण कच्च्या मातीच्या भिंती पाण्यांत विरघळल्या हें होतें. परंतु दुसरें पाणी अधिक कपटी. तें जमिनींतून भिंतींत हळूहळू वर चढतें. जुन्या बांधणींत त्यास बाहेर पडण्याची वाट ठेवलेली असे. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. भिंतींतील ओल त्यांतून वाफ होऊन जाते. भिंत पावसाळ्यांत ओली होते व उन्हाळ्यांत वाळते.

चुन्याची घडण अशी कीं चुनखडी भट्टींत भाजली म्हणजे तींतील कर्बवायु निघून जातो व कळीचा चुना राहतो. तो पाण्यांत विरविला म्हणजे फुगतो, तापतो आणि लोण्यासारखा मऊ होतो. असा विरलेला चुना वाळूबरोबर, आणि जेथें पाण्याशीं संबंध असेल तेथें विटांच्या सुरखीबरोबर, घाण्यांत मळीत. हा चुन्याचा घाणा किल्ल्यांवर हिंडणाऱ्या प्रत्येकानें पाहिलेला आहे: दगडी वर्तुळाकार चर आणि त्यांत फिरणारें जड दगडी चाक. बेलफळ, हिरडा, गूळ हे पदार्थ कारागीर आपापल्या परंपरेप्रमाणें त्यांत घालीत. भिंतीवर लागल्यावर हा चुना हवेंतील तोच कर्बवायु हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. याला महिने लागतात, कधीं वर्षें लागतात. बारीक चीर पडली तर पावसाचें पाणी चुन्याचा अंश विरघळवून त्या चिरेंत नेऊन बसवितें, व ती कांहीं अंशीं आपोआप भरते.

सिमेंटाचें सामर्थ्य निराळें आहे आणि नव्या इमारतींत त्याचें स्थान आम्ही नाकारीत नाहीं. १८२४ सालीं इंग्लंडांत त्याचें पेटंट घेतलें गेलें, म्हणजे शनिवारवाडा जळण्यापूर्वीं अवघीं चार वर्षें. तें कठीण असतें, लवकर आवळतें आणि पाण्यास फारसें आंत-बाहेर जाऊं देत नाहीं. हे तिन्ही गुण मातीच्या भिंतीवर दोष ठरतात. भिंत ऋतुमानाप्रमाणें थोडी हलते; कडक गिलावा हलत नाहीं, म्हणून चिरतो. चिरेंतून पाणी आंत जातें, पण वाफेस बाहेर पडण्यास वाट राहत नाहीं. क्षार विटेच्या पोटांत साठतात आणि वीट भुसभुशीत होते. गिलावा मात्र वरून गुळगुळीतच दिसतो.

हें आम्ही ग्रंथांतून शिकलों असतों तर बरें झालें असतें. आमचें मूळ घर कृष्णाकांठीं, दोन चौकांचें. निवृत्तीनंतर हातीं थोडा पैसा आला तेव्हां आम्हीं त्याची दुरुस्ती काढली. पश्चिमेची भिंत छातीपर्यंत ओलावत असे. गिलावा सिमेंटाचा करावा हा आग्रह आमचाच होता. गवंडी वृद्ध होता, त्यानें एकदां 'मास्तर, भिंत कोंडेल' असें म्हटलें, आणि आम्हीं त्यास सिमेंटाचे गुण समजावून सांगितले. दोन वर्षें भिंत सुरेख दिसली. तिसऱ्या पावसाळ्यानंतर माजघराची तुळई एका टोकास दोन बोटें खचली. भिंत फोडली तेव्हां आंतील सागाचा खांब उथळ्यापासून गुडघाभर कुजून त्याचा भुसा झालेला आढळला. त्याच भिंतींत बळद होतें. तें वडिलांच्या वेळेपासून बंद असल्यानें रिकामें असेल अशी आमची समजूत; त्यांत एक रुमाल निघाला. मोडी कागद होते, आणि एक देवनागरी पोथीही असावी. सर्व एकजीव झालें होतें. जाणत्यांच्या हातून प्रयत्न केले, त्यांतून सतरा कागद सुटे झाले. बाकीचा गोळा आम्हीं टाकलेला नाहीं, इतकेंच.

पुढें त्या भिंतीचें काय केलें तें सांगण्यासारखें आहे, कारण उपाय असतो. माघांत सर्व सिमेंट टांकीनें हलक्या हातानें उतरविलें, कारण घणानें विटाही येतात. भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी ठेवून वाळूं दिली. तुळईस धिरे देऊन खांबाचा कुजलेला पाय तेवढा कापला आणि जुन्याच सागाचा तुकडा खोबणीचा सांधा करून बसविला. त्यावर शक घातला. भिंतीबाहेरील जमीन उतरती करून पागोळ्यांचें पाणी दूर नेलें, आणि खरें पाहतां हेंच काम पहिल्यानें करावयाचें होतें. ओलीचें मूळ त्या एका तुंबलेल्या गटारांत होतें. मग चुन्याचे पातळ तीन थर, प्रत्येक थर पोत्यानें ओला ठेवून. खर्च पहिल्याहून कमी आला.

दुरुस्ती करणाऱ्यास आम्ही संग्राहक एक साहाय्य करूं शकतों, तें अद्याप कोणी मागितलें नाहीं व आम्हीं देऊं केलें नाहीं. घराण्यांच्या दफ्तरांत राजकारणाचे कागद निघाले कीं आपण हर्षित होतों, आणि वाटणीपत्रें, इमारतखर्चाच्या यादी, सुतार-गवंड्यांच्या रोजमुऱ्याचे हिशेब बाजूस सारतों. वाटणीपत्र म्हणजे शब्दांनीं काढलेला घराचा नकाशा होय. पूर्वेचा सोपा किती खणांचा, कोणाच्या वांट्यास कोठी, विहिरीवर कोणाचा किती हक्क, मधली भिंत सामाईक कीं कसें, हें सर्व त्यांत असतें. आमच्याच घराच्या वाटणीपत्रांत पश्चिमेच्या भिंतीबाहेर 'पागोळीची जागा दोन हात' सोडल्याचें लिहिलेलें आहे. तेथेंच पुढें गटार झालें. कागद आमच्या पेटींत होता, आम्हीं तो वाचलेला होता, आणि भिंतीशीं त्याचा संबंध आहे हें मात्र सुचलें नव्हतें.

मालकांस दोष देण्याची आपल्यांत फार हौस आहे. तें न्याय्य नाहीं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं जेथल्या तेथें थांबलीं. १९९९ चा नवा कायदा येईपर्यंत अर्धें शतक लोटलें. बारा बिऱ्हाडांचें मिळून जें भाडें येई त्यांत एका तुळईची किंमत निघत नसे. शिवाय वारस दहा ठिकाणीं. अशा स्थितींत जो वाडा टिकला तो कोणाच्या तरी हट्टामुळें टिकला.

सार्वजनिक उपयोगानें वांचलेल्या वास्तूंचें उदाहरण म्हणून पुण्याचा विश्रामबागवाडा घेतां येईल. दुसऱ्या बाजीरावानें बांधलेल्या या वाड्यांत १८२१ सालीं संस्कृत पाठशाळा निघाली, तीच पुढें डेक्कन कॉलेजाचें मूळ झाली. १८७९ च्या आगींत त्याचा कांहीं भाग जळला, पण वाडा वापरांत होता म्हणून सांवरला गेला. शनिवारवाडा १८२८ च्या आगीनंतर तसा सांवरला नाहीं. आज तेथें तट, दिल्ली दरवाजा, जोतीं आणि कारंजीं एवढेंच आहे. तो पुन्हा उभारावा अशी सूचना मधून मधून होत असते. आंतल्या महालांचे उंचीचे व नक्षीचे तपशील हातीं नसतां उभारलेली इमारत कितीही सुंदर झाली तरी तें नवकर्मच होईल, आणि त्यासाठीं खरीं जोतीं झांकावीं लागतील. आमचें मत त्यास प्रतिकूल आहे. जोतीं उघडीं असूं द्यावीं.

वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहांत इमारतखर्चाचे तळेबंद, चुनाविटांच्या खरेदीचे कागद किंवा खणांचा उल्लेख असलेलीं वाटणीपत्रें असतील, त्यांनीं त्यांच्या नकला, निदान यादी, मंडळाकडे पाठवावी. यापुढें रुमाल उचलतांना तो कोणत्या गांवीं, कोणत्या वाड्यांत, कितव्या चौकांत, माळ्यावर कीं बळदांत, आणि भिंत ओली होती कीं कोरडी, हेंही रुमालाच्या चिठीवर लिहावें. आमच्या सतरा कागदांचें वाचन पुढील अंकीं देण्याचा विचार आहे.